झोप इटलीत, पगार फ्रँकमध्ये

१८५३ सालच्या फेब्रुवारीत मिलानमध्ये इटलीच्या एकीकरणासाठी झटणाऱ्या मात्सिनीच्या अनुयायांचा उठाव फसला आणि त्याचा राग निघाला शेजारच्या तिचिनोवर, म्हणजे स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषिक कँटनवर (प्रांतावर). मिलान ज्यात येतं ती लोंबार्दी तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होती. बंडखोरांना तिचिनोत आसरा मिळतो, असा ऑस्ट्रियाचा संशय होता. तिथून लोंबार्द कापुचिन साधूंना आदल्याच वर्षी हाकललेलं असल्यामुळे तो रागही धुमसत होता. ऑस्ट्रियाने सीमा बंद केली आणि लोंबार्दीत पोटापाण्यासाठी आलेल्या सुमारे ६ हजार तिचिनोकरांना घालवून दिलं. रिकाम्या हातांनी परतलेल्या या माणसांना खायला घालता घालता तो गरीब डोंगराळ कँटन मेटाकुटीला आला. नाकेबंदी उठायला १८५५ साल उजाडलं.

आज इटलीतून रोज सकाळी तिचिनोत कामाला जाणाऱ्यांवरून जो वाद चालतो, तो समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी. कारण तेव्हा भाकरीची वाट उलट्या दिशेने जात होती. लुगानोच्या तळ्याकाठच्या गावांतले गवंडी, गिलावा करणारे, पाथरवट शतकानुशतकं दक्षिणेकडे उतरत. रोमचं रूप घडवणाऱ्या वास्तुकारांपैकी दोमेनिको फोंताना मेलिदेचा, कार्लो मादेर्नो कापोलागोचा, तर बोर्रोमिनी बिस्सोनेचा. तिन्ही गावं आजच्या तिचिनोत आहेत आणि एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

सीमाही काही डोंगराने किंवा भाषेने आखलेली नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांत स्विस कँटनांनी मिलानच्या सरदारांकडून हा मुलूख टप्प्याटप्प्याने जिंकला. तो १८०३ मध्ये स्वतंत्र कँटन झाला. दोन्हीकडे बोली तीच, आडनावंही तीच. पोंते त्रेझा तर एकाच नावाचं गाव आहे आणि मधून वाहणाऱ्या त्रेझा नदीने ते दोन देशांत वाटलंय. कियास्सो स्वित्झर्लंडमध्ये, पण त्याला चिकटून असलेलं पोंते कियास्सो इटलीत, कोमो शहराच्या हद्दीत.

पारडं फिरलं ते रेल्वे आणि कारखान्यांमुळे. गोथार्ड बोगदा १८८२ मध्ये खुला झाला. तो खोदणारे बहुतेक मजूर इटालियन होते. १८७५ मध्ये त्यांनी बोगद्याच्या तोंडाशी गोशेनेनला संप केला तेव्हा गोळीबारात चार जण मेले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर इटली उद्ध्वस्त होती आणि स्वित्झर्लंडचे कारखाने शाबूत, हातांची वाट बघणारे. १९४८ मध्ये मजूरभरतीचा करार झाला आणि मोसमी परवान्यांवर इटालियन माणसं येऊ लागली. काही महिने राबायचं, मग परत जायचं, बायकामुलांना आणायचं नाही. ज्यांनी तरीही आणली, त्यांची मुलं दिवसभर खोलीत लपून बसत, शेजाऱ्याला आवाज जाऊ नये म्हणून. इटलीत त्यांना ‘कपाटातली मुलं’ म्हणतात. ३० ऑगस्ट १९६५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या मात्मार्क धरणाच्या बांधकामावर हिमनदीचा कडा कोसळला आणि ८८ माणसं गेली. त्यांतली ५६ इटालियन होती.

या सगळ्यात सीमेवरच्या चाकरमान्याची जागा वेगळी होती. इटालियनमध्ये त्याला ‘फ्रोंतालिएरे’ म्हणतात, अनेकवचनी ‘फ्रोंतालिएरी’. कोमो, वारेझे, व्हर्बानिया, सोन्द्रियो या भागांतली ही माणसं रात्रीपुरती आपल्या देशात असत. संध्याकाळी घरी परतणं हा नुसता सोयीचा भाग नव्हता, परवान्याची अटच होती. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ‘परके फार झाले’ अशी ओरड सुरू झाली. खासदार श्वार्झेनबाख यांचा परदेशी लोकांची संख्या मर्यादित करण्याचा प्रस्ताव ७ जून १९७० च्या सार्वमतात पडला खरा, पण ४६ टक्के मतं घेऊन. सरकारने त्याआधीच, मार्च १९७० मध्ये, वस्तीला येणाऱ्या परदेशी लोकांवर कोटा लावला होता. रोज परतणारा माणूस मात्र या कोट्यात धरला जात नव्हता. त्याला घर द्यायला नको, मुलांना शाळा नको, म्हातारपणी दवाखाना नको. तिचिनोच्या दक्षिण टोकाला मेंद्रीझियोच्या पट्ट्यातल्या शर्टांच्या आणि कपड्यांच्या कारखान्यांनी ही सोय बरोबर हेरली. तिथल्या शिलाईयंत्रांवर बसणाऱ्या बाया मोठ्या संख्येने सीमेपलीकडच्या खेड्यांतून येत. ज्याला आज इटालियन लोंढा म्हणून नावं ठेवतात, त्याला आवतण स्विस धोरणानेच दिलं होतं, हे माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत सोयीस्करपणे विसरलं जाणारं पान आहे.

सीमा ओलांडून पोट भरण्याचा आणखी एक जुना धंदाही इथे होता. स्पाल्लोनी, म्हणजे पाठीवर गोणी घेऊन रात्री डोंगर चढणारे तस्कर, स्वित्झर्लंडमधून सिगारेटी आणि कॉफी इटलीत नेत. युद्धकाळात उलट तांदूळ इटलीतून तिकडे जाई. सीमेवरच्या तारेच्या कुंपणाला लोक ‘रामीना’ म्हणत. लुगानो तळ्याकाठी गांद्रियासमोर या साऱ्याचं सीमाशुल्क संग्रहालय आहे, आणि तिथे होडीने जाण्यात मजा आहे.

आता खरा कळीचा मुद्दा येतो, कराचा. माणूस राबतो एका देशात, पण त्याच्या घरापुढचा रस्ता, पोरांची शाळा, कचऱ्याची गाडी दुसऱ्या देशाच्या खर्चाने चालते. मग त्याचा आयकर कोणाचा? ३ ऑक्टोबर १९७४ च्या करारात याचं उत्तर निघालं. फ्रोंतालिएरीने कर फक्त स्वित्झर्लंडमध्ये, पगारातूनच कापून द्यायचा. तिचिनो, ग्राउब्युंडेन आणि वाले या तीन कँटनांनी त्यातला सुमारे ४० टक्के वाटा इटलीच्या सीमावर्ती नगरपालिकांना परत करायचा. या परताव्याला ‘रिस्तोर्नी’ म्हणतात. सीमेपासून साधारण २० किलोमीटरच्या आतली गावं यात आली. कर स्विस दराने, म्हणजे इटलीच्या मानाने हलका, आणि भाडं व वाणसामान इटलीच्या भावाने. चाळीस-पन्नास वर्षं हे गणित असंख्य कुटुंबांना तारत राहिलं आणि लहान नगरपालिकांची अंदाजपत्रकं रिस्तोर्नीवर उभी राहिली.

हा पाहुणचार बिनशर्त नव्हता, हेही लगेच दिसलं. १९७० च्या दशकातल्या तेलसंकटात मंदी आली तेव्हा पहिली कुऱ्हाड परदेशी मजुरांवर पडली. बेकारी सीमेबाहेर ढकलून दिली गेली. १९९० च्या सुमारास तिचिनोत फ्रोंतालिएरी ४० हजारांच्या घरात होते, पुढच्या मंदीत ते पुन्हा घटले.

स्वित्झर्लंड युरोपीय महासंघात नाही. पण त्याने १९९९ मध्ये महासंघाशी द्विपक्षीय करार केले आणि १ जून २००२ पासून माणसांच्या मुक्त संचाराची दारं उघडली. रोज परतण्याची अट गेली, आठवड्यातून एकदा परतलं तरी पुरे झालं. २००४ मध्ये स्थानिक उमेदवाराला प्राधान्य देण्याचा नियम गेला, २००७ मध्ये सीमापट्ट्यात राहण्याची अटही. (ही सवलत युरोपीय नागरिकांना. मिलानमध्ये नोकरीसाठी गेलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला अजूनही इटलीत कायमच्या वास्तव्याचा हक्क आणि सीमापट्ट्यात किमान सहा महिन्यांचं वास्तव्य दाखवावं लागतं, तेव्हा कुठे ‘जी’ परवान्याचा, म्हणजे फ्रोंतालिएरेच्या परवान्याचा, विचार होतो.) संख्या दुपटीहून अधिक झाली. आज ती ८० हजारांच्या आसपास आहे, म्हणजे तिचिनोतल्या जवळपास दर तीन नोकऱ्यांमागे एक. स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्सहून येणारे याहून कितीतरी जास्त आहेत, पण साडेतीन लाख वस्तीच्या कँटनला हा आकडा बोचतो.

त्यातही बोचण्याचं कारण बदललं होतं. शिलाईयंत्रावरच्या बाईबद्दल कुणाला असूया नव्हती. आता इटालियन पदवीधर बँकेत, वकिलाच्या कचेरीत, संगणकासमोर बसू लागले, स्थानिक तरुणाला परवडणार नाही अशा पगारावर. जुल्यानो बिन्यास्का यांनी १९९१ मध्ये सहकाऱ्यांसह काढलेल्या ‘लेगा देई तिचिनेझी’ पक्षाला हा विषय आयता मिळाला. २०१० मध्ये तर स्विस चीज कुरतडणाऱ्या उंदरांची भित्तिपत्रकं झळकली. त्यातला एक उंदीर होता व्हर्बानियाचा फरशी बसवणारा फाब्रित्सियो. २०११ मध्ये तिचिनो सरकारने रिस्तोर्नीचा निम्मा हप्ता, सुमारे २.८ कोटी फ्रँक, अडवून ठेवला आणि पुढच्या वर्षी सोडला. ९ फेब्रुवारी २०१४ च्या स्थलांतरविरोधी सार्वमतात देशभरात ५०.३ टक्के कौल मिळाला, तिचिनोत मात्र ६८. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘प्रीमा इ नोस्त्री’, म्हणजे ‘आधी आपली माणसं’, हा प्रस्ताव ५८ टक्क्यांनी संमत झाला.

मग आली महासाथ. मार्च २०२० मध्ये लोंबार्दी बंद झाली, सीमेवरच्या लहान चौक्यांना कुलुपं लागली. पण फ्रोंतालिएरींना वाट मोकळी ठेवली गेली, कारण त्यांच्याविना तिचिनोची रुग्णालयं चालली नसती. एरवी नकोसे वाटणारे हात त्या दिवसांत मोजूनमापून आत घेतले जात होते.

१९७४ च्या करकराराची जागा घेणाऱ्या नव्या कराराचा मसुदा २०१५ मध्येच तयार होता. त्यावर सह्या झाल्या २३ डिसेंबर २०२० ला आणि तो अमलात आला १७ जुलै २०२३ ला. आता नवा फ्रोंतालिएरे स्विस कराच्या ८० टक्के तिकडे भरतो आणि मग इटलीतही विवरणपत्र भरतो. तिथे १० हजार युरोंची सूट आणि स्विस कराची वजावट मिळते, तरीही एकूण भार जुन्यापेक्षा जड पडतो. घरून काम २५ टक्क्यांपर्यंत चालतं. जे २०१८ च्या अखेरीपासून त्या १७ जुलैपर्यंतच्या काळात या तीन कँटनांत कामाला होते आणि सीमेवरच्या गावात राहत होते, ते ‘जुने’. त्यांचा कर पूर्वीसारखाच फक्त स्वित्झर्लंडमध्ये. त्यामुळे एकाच कचेरीत, शेजारच्या दोन टेबलांवर, एकाच पगारावर बसलेल्या दोघांच्या हातात वेगवेगळी रक्कम पडते. इटलीने तर २०२४ च्या अर्थसंकल्पात ‘जुन्यां’कडूनही आरोग्यसेवेसाठी ३ ते ६ टक्के वर्गणी घ्यायचं ठरवलं आणि त्यावरून सीमेच्या दोन्ही बाजूंना भांडण जुंपलं.

रिस्तोर्नी २०३३ सालच्या करापर्यंत चालू राहतील. त्यानंतर तिचिनोचा पैसा बंद होईल आणि वारेझे-कोमोच्या नगरपालिकांना रोमच्या तिजोरीकडे पाहावं लागेल. पोंते त्रेझाच्या पुलावर सकाळी सहाला लागणारी गाड्यांची रांग मात्र तेव्हाही आजच्याइतकीच लांब असेल, असं तिथले लोक धरून चालतात.