शेवट आधीच सांगणाऱ्या सागा

गोष्टीचा शेवट कुणी आधीच फोडला की आपण वैतागतो. तेराव्या शतकातल्या आइसलँडच्या सागाकारांना, म्हणजे सागा नावाच्या लांब गद्यकथा लिहिणाऱ्यांना, त्याचं काहीच वाटत नसे. १२८०च्या सुमारास लिहिलेली न्यालची सागा घ्या. कथानायक न्यालला शत्रूंनी घरासकट जाळलं हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असायचं. ‘जाळलेल्या न्यालची सागा’ या तिच्या पूर्ण नावातच ती आग आहे. उत्सुकता असायची ती माणसं त्या आगीपर्यंत जातात कशी, याची.

सागेचा निवेदक सहसा कुणाच्या मनात शिरत नाही. कोण काय बोललं, कुणी काय केलं, एवढंच सांगतो. त्यामुळे पुढची चाहूल द्यायची तर कुणाच्या तरी तोंडून, नाहीतर स्वप्नातून. लाक्सडेला नावाच्या दुसऱ्या सागेत नायिका गुडरुनला चार स्वप्नं पडतात आणि गेस्ट नावाचा जाणता त्यांवरून तिचे चार नवरे सांगून मोकळा होतो.

न्यालच्या सागेत हे काम जास्त चतुराईनं होतं. पहिल्याच प्रकरणात होस्कुल्ड आपल्या लांबसडक केसांच्या मुलीकडे दाखवत भावाला, ह्रूटला, विचारतो, पोर देखणी आहे ना? ह्रूट गप्प. पुन्हा विचारल्यावर म्हणतो, देखणी आहे खरी, पण आपल्या घराण्यात हे चोराचे डोळे आले कुठून? बाप चिडतो. ही हाल्गेर्ड. पुढे टंचाईच्या वर्षी ती गुलामाकरवी लोणी आणि चीज चोरवते आणि नवरा गुन्नार तिच्या थोबाडीत मारतो. काही वर्षांनी शत्रू घर वेढतात, त्यांच्यातला एक गुन्नारच्या धनुष्याची दोरी कापतो. नवी वळायला तो तिच्या केसांच्या दोन बटा मागतो. ती त्या थोबाडीची आठवण करून देते आणि नकार देते. आपण डोळ्यांवर नजर ठेवून बसतो, घात करतात ते केस. माझ्या मते खरी कारागिरी ही.

न्यालच्या घरी सेउन नावाची म्हातारी असते. एकदा ती काठीनं घरामागची तणाची गंजी बडवू लागते. न्यालचा मुलगा स्कार्पहेदिन हसतो. म्हातारी म्हणते, हिनंच घर पेटवतील, ही पाण्यात टाका नाहीतर जाळा. तो म्हणतो, नशिबात असेल तर पेटवायला दुसरं काही मिळेलच. उन्हाळाभर ती मागे लागते, काम राहून जातं. हल्लेखोर दारांशी आग लावतात तेव्हा बायका दह्याची निवळ ओतून ती विझवतात. मग हल्लेखोरांतल्या एकाला ती गंजी आठवते.

म्हातारीला भविष्य दिसत होतं, की घराजवळ वाळलेलं तण ठेवू नये एवढं साधं शहाणपण तिच्यापाशी होतं? सागाकार यावरही काही बोलत नाही.