‘पेर्तिनाथ सेकीआ’: फ्रँकोच्या तोंडचा दुष्काळ

सेकीआ म्हणजे अवर्षण, पेर्तिनाथ म्हणजे हटून बसलेलं. स्पॅनिशमधले हे दोन शब्द एकत्र आले की स्पेनमधली जुनी माणसं अजूनही तिरकस हसतात. कारण ही जोडी सरकारी आहे.

१९३९ साली यादवी युद्ध संपलं, जनरल फ्रान्सिस्को फ्रँकोची हुकूमशाही आली आणि पाठोपाठ रेशनकार्डही आलं. ते १९५२ पर्यंत टिकलं. या टंचाईचं सरकारी कारण ठरलेलं: पाऊस नाही, म्हणजेच ‘पेर्तिनाथ सेकीआ’. त्यात तथ्यही होतं. १९४४-४५ चा दुष्काळ खरोखर भीषण होता. धरणांत पाणी नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून कारखाने बंद, अशी गत झाली.

पण गव्हाचं काय? शेतकऱ्याने गहू सरकारी यंत्रणेलाच, तिने ठरवलेल्या भावाने घालायचा. भाव परवडेना, आयात आटल्यामुळे खतं मिळेनात. मग पेरा घटला आणि पिकलेला गहू रात्रीतून काळ्या बाजारात जाऊ लागला. या बाजाराला लोक ‘एस्त्रापेर्लो’ म्हणत. (हे नाव युद्धाआधी, १९३५ साली गाजलेल्या एका जुगारयंत्राच्या लाच प्रकरणातून आलेलं!) स्वयंपूर्णतेच्या हट्टापायी ओढवलेली ही टंचाई ढगांच्या नावावर खपवणं सोयीचं होतं. लोकांनी मात्र त्या काळाला ‘भुकेची वर्षं’ म्हटलं. आपल्याकडे ‘दुष्काळ’ म्हटलं की कोरडं रान आणि रिकामं पोट दोन्ही आली. ‘सेकीआ’त फक्त पाणी येतं, आणि सरकारला तेवढंच बोलायचं होतं.

कारण पाण्याचं, म्हणून उपायही पाण्याचाच. धरणांचा सपाटा सुरू झाला. फ्रँकोच्या राजवटीत शेकडो धरणं झाली, आणि चित्रपटगृहांत सक्तीने दाखवल्या जाणाऱ्या ‘नो-दो’ या वार्तापटात फ्रँको सतत कुठल्या ना कुठल्या जलाशयाचं उद्घाटन करताना दिसे. लोकांनी नाव ठेवलं ‘पाको बेडूक’. पाको हे फ्रान्सिस्कोचं लाडकं रूप. धरणांखाली गावं गेली, ती वेगळीच. वायव्य स्पेनमधल्या गालिसियातलं पोर्तोमारीन हे गाव १९६० च्या दशकात मिन्यो नदीवरच्या बेलेसार धरणात बुडालं. तिथलं जुनं चर्च दगडन् दगड सुटा करून टेकडीवर पुन्हा उभारलं.

१९९० च्या दशकात दक्षिणेतल्या सेव्हिया (सेव्हिल) शहराचे नळ तासन् तास बंद राहिले, फेब्रुवारी २०२४ मध्ये ईशान्येकडच्या कातालोनिया प्रांतात पाणी आणीबाणी जाहीर झाली. तेव्हा ‘सेकीआ’ हा शब्द हवामानखात्यापासून मथळ्यांपर्यंत सरळ अर्थाने वापरला गेला. ‘पेर्तिनाथ’ जोडलं की मात्र टोमणा. आणि स्ट्रायकरला पाच-सहा सामने गोल सापडला नाही, तर क्रीडापानावर त्याचीही सेकीआच चालू असते.