टाकी धुतली, पण शॉवरचं काय?

कोल्हापुरात पाण्याचा आजार म्हटलं की डोळ्यांपुढं कावीळ येते, गॅस्ट्रो येतो, गढूळ नळ येतो. त्याला कारणही आहे. २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत हिपॅटायटिस ई या विषाणूमुळं काविळीची मोठी साथ आली होती. २०१९ च्या महापुरात पंचगंगेकाठची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि सगळीकडं पाणी असताना आपण टँकरमागं धावलो. तेव्हापासून भीती एकाच वाटेची: घाण बाहेरून येते आणि पोटात जाते. इमारतीच्या पाण्याला मात्र आणखी एक वाट आहे. तिथं जंतू आपल्याच पाइपात वाढतो आणि श्वासावाटे फुप्फुसात उतरतो. या दोन वाटांची गल्लत होते, म्हणून हा लेख.

पहिली वाट आधी. पाणी ठरावीक वेळच येतं. ते गेलं की पाइपातला दाब उतरतो. सांध्याला चीर असेल आणि शेजारून गटार जात असेल तर ते पाणी आत ओढलं जातं. खालची टाकी ड्रेनेजच्या चेंबरला खेटून असली तरी तेच. अशा पाण्यातून ई. कोलाय हा मैल्यातला जंतू, कॉलरा, हिपॅटायटिस ए आणि ई येतात. हिपॅटायटिस ई चं पाणी पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी डोळे पिवळे होतात, त्यामुळं दोष कुठल्या पाण्याचा हे तेव्हा आठवतही नाही. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, हा आजार जिवावर बेतू शकतो. यावरचे उपाय आपल्याला पाठ आहेत: टाकी धुणं, झाकण घट्ट लावणं, गळती काढणं, साथीत पाणी उकळून पिणं. भारतीय मानकानुसार क्लोरिन वापरलेल्या पाण्यात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवा आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नको.

दुसऱ्या वाटेवरचा जंतू म्हणजे लिजिओनेला. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. तिथून परतलेले लोक न्यूमोनियानं आजारी पडू लागले आणि त्यांतले २९ दगावले. पुढच्या जानेवारीत जंतू सापडला आणि त्याला त्या सैनिकांच्या संघटनेवरूनच नाव मिळालं. नदी-तळ्यांत तो थोड्या प्रमाणात असतोच. शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर मूठभर जंतू इमारतीत आले तर एरवी काही बिघडत नाही. बिघडतं ते कोमट, साचलेलं पाणी आणि पाइपाच्या आतला बुळबुळीत थर मिळाल्यावर. त्या थरातल्या अमिबांच्या पोटात तो वाढतो आणि क्लोरिनपासून बऱ्यापैकी वाचतो. २५ ते ४५ अंश हे त्याचं आवडतं तापमान.

आता जुलैतली गच्ची आठवा. पंधरा-पंधरा दिवस ऊन नाही, सोलरची टाकी भरलेली. मी एकदा त्या पाण्यात थर्मामीटर धरला: ३८ अंश. अंघोळीला छान, आणि या जंतूलाही छान. त्याच दिवशी कित्येक महिने बंद असलेल्या खोलीतला शॉवर फिरकी काढून उघडला. जाळीच्या आतल्या बाजूला तपकिरी लेप होता, दोन बोटांत घासला तर तुपासारखा सरकला. त्यात लिजिओनेला होताच असं मी म्हणत नाही. पण त्याला हवं ते घर तयार होतं, आणि त्या महिन्यात टाकी धुतल्याची नोंद वहीत होती.

गल्लत महागात पडते ती इथंच. पिण्याचं पाणी उकळलं तरी शॉवरचे तुषार तेच राहतात. आरओ फिल्टर स्वयंपाकघरातल्या एका नळापुरता असतो. प्रयोगशाळेनं ‘ई. कोलाय नाही’ असा अहवाल दिला तर पाण्यात मैला मिसळल्याची खूण नाही एवढंच कळतं. लिजिओनेलाबद्दल त्यातून काहीच कळत नाही, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते.

म्हणून दुसऱ्या वाटेला पाणी व्यवस्थापनाचा आराखडा लागतो. नाव भारदस्त आहे, काम साधं आहे. पाणी मीटरपासून शेवटच्या नळापर्यंत कसं जातं ते कागदावर काढायचं. कुठं साचतं, कुठं कोमट होतं, कुठं तुषार उडतात तिथं खुणा करायच्या. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवायची आणि नळाशी गरम-थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवायचा, नाहीतर पोरं आणि म्हातारी माणसं भाजतील. पावसाळ्यात त्यासाठी सोलरला विजेची जोड लागेल. जुनं बाथरूम पाडल्यावर भिंतीत राहिलेला बंद पाइपाचा तुकडा मुळापासून कापायचा. वापरात नसलेले नळ दर आठवड्याला सोडायचे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोजणार कोण, आकडा चुकला तर करणार काय, हे आधी लिहून ठेवायचं. अमेरिकेत यासाठी २०१५ पासून स्वतंत्र मानक आहे.

माझ्या मते कोल्हापुरात याची गरज सगळ्यात आधी दवाखान्यांना आणि अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या लॉजना आहे. नवरात्रात एक खोली रिकामी मिळत नाही आणि मधल्या दिवसांत मजलेच्या मजले बंद असतात. घटस्थापनेआधी प्रत्येक शॉवर काढून घासावा आणि गरम-थंड दोन्ही पाणी काही मिनिटं सोडावं. हे करताना दार लावून, बाहेर उभं राहावं, तुषार नाकात जाऊ देऊ नयेत. फाउंड्र्यांच्या कूलिंग टॉवरनाही, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांनाही, हाच धोका असतो, पण तो विषय मोठा आहे.

लिजिओनेलाचा आजार सहसा एकाचा दुसऱ्याला होत नाही. पन्नाशीपुढचे, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही आणि फुप्फुसाचे रुग्ण यांना धोका जास्त. तुषार श्वासावाटे आत गेल्यापासून साधारण २ ते १४ दिवसांत ताप, खोकला, धाप लागते. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं इथं चालत नाहीत, ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन चालतं. लघवीची झटपट चाचणी आहे, पण ती या जंतूचा मुख्य प्रकारच पकडते. तेव्हा न्यूमोनिया झालाच तर गेल्या पंधरवड्यात आपण कुठल्या लॉजवर उतरलो, कुठल्या दवाखान्यात दाखल होतो, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा.