लव्हलेसवर भाळलेले वाचक

पत्रात्मक कादंबरी वाचणाऱ्यांची दोन गाऱ्हाणी ठरलेली असतात. एक, इतकी लांबलचक पत्रं कुणी लिहितं का? आणि दुसरं, ज्याचा संताप यायला हवा त्याचीच पत्रं सगळ्यात रंगतदार का? पहिलं किरकोळ आहे. तो या प्रकाराचा संकेत आहे, नाटकातल्या स्वगतासारखा. दुसरं मात्र पावणेतीनशे वर्षं चालत आलंय आणि त्यापायी एका लेखकाने आपलं छापून झालेलं पुस्तक, ‘क्लॅरिसा’, पुन्हा हातात घेतलं.

त्याआधीचं थोडक्यात. 1669 मध्ये पॅरिसमध्ये एका पोर्तुगीज ननची म्हणून पाच प्रेमपत्रं छापली गेली. ती खरी की रचलेली, हा वाद थेट विसाव्या शतकापर्यंत पोचला. 1740 मध्ये लंडनमध्ये ‘पामेला’ आली. मालकाच्या आगळिकीला दाद न देणाऱ्या मोलकरणीची ही पत्रं सॅम्युएल रिचर्डसन या मुद्रकाने लिहिली होती. धर्मपीठावरून तिची शिफारस झाली, आणि पुढच्याच वर्षी ही मुलगी मुळात आतल्या गाठीची आहे असं सांगणारं विडंबनही निघालं. साक्षीदार एकच असला की तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे वाचकावर सोडलेलं असतं. वाचकांनी ते दोन्ही बाजूंनी करून दाखवलं.

त्याच मुद्रकाची पुढची कादंबरी ‘क्लॅरिसा’. लव्हलेस नावाचा रंगेल तरुण क्लॅरिसाला फसवून घरातून पळवतो आणि तिच्यावर अत्याचार करतो, त्याची ही कथा. सात खंड, 537 पत्रं. पहिले दोन खंड डिसेंबर 1747 मध्ये आले, पुढचे दोन एप्रिल 1748 मध्ये आणि शेवटचे तीन त्या डिसेंबरात. म्हणजे कथा अर्ध्यावर आणून वाचकांना आठ महिने ताटकळत ठेवलं होतं. शेवट शोकान्त असणार, ही कुणकुण याच काळात पसरली. एका बड्या घरच्या बाईने टोपणनावाने लेखकाला पत्र लिहून गळ घातली की क्लॅरिसाला मारू नका, लव्हलेसला सुधारा आणि दोघांचं लग्न लावा. लव्हलेस आपल्याला आवडतो, हेही तिने लपवलं नाही. लेखकाने शेवट बदलला नाही, पण तिच्याशी पत्रव्यवहार मात्र सुरू ठेवला. पुढे तिच्या बहिणीने स्वतःच दुसरा शेवट लिहून काढला. त्यात अत्याचार घडतच नाही. तो 1982 मध्ये छापून आला.

या बायकांना ‘भाबड्या’ म्हणून निकालात काढायची जुनी खोड आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. लव्हलेस आपले बेत मित्राला लिहून कळवतो, आणि ते वाचताना आपण त्या मित्राच्या जागी बसलेलो असतो. क्लॅरिसाला जे ठाऊक नाही ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. मध्ये निवेदक नाही, कान धरणारं कुणी नाही. उलट पत्रं लिहिणारा बोलघेवडा, हजरजबाबी, स्वतःवर खूश. अशा माणसाची शेकडो पानं वाचून वाचक त्याच्याकडे ओढला गेला, तर ते वाचकाच्या नीतीचं अपयश नव्हे. ती लेखकाच्या लेखणीची करामत आहे.

लेखकाला मात्र ते रुचलं नाही. 1749 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने सगळ्या पत्रांचा गोषवारा जोडला. कुठल्या पत्रातून काय घ्यायचं, हे त्यात जवळपास सांगूनच टाकलं होतं. तळटीपाही वाढल्या, आणि त्यांतल्या काही सरळ वाचकाला झापणाऱ्या आहेत: लव्हलेसचा खोटेपणा अमुक पत्रात दिसत होता, तुम्ही नीट वाचलं नाही. 1751 च्या तिसऱ्या आवृत्तीत तर सातांचे आठ खंड झाले. वाढीव मजकुराशेजारी समासात ठिपके छापले, म्हणजे नवं काय ते ओळीओळीला दिसावं. ज्यांच्याकडे पहिली आवृत्ती होती त्यांना पुन्हा सगळे खंड घ्यावे लागू नयेत, म्हणून हाच मजकूर वेगळ्या पुस्तकातही काढला. ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे.

वाद आहे तो या ठिपक्यांवर. लेखकाचं म्हणणं असं की हा मजकूर नवा नाही. हस्तलिखितात तो होताच, लांबी कमी करण्यासाठी काढला होता, आता परत घातला. हे अशक्य मुळीच नाही. छपाईआधी त्याने हस्तलिखित मित्रमंडळींत फिरवलं होतं आणि काटछाटीचा आग्रहही झाला होता. पण ते हस्तलिखित आज नाही, त्यामुळे पडताळा घेता येत नाही. आणि ठिपक्यांचा मजकूर काय आहे ते पाहिलं की शंका बळावते. सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे लव्हलेसचा एक बेत: क्लॅरिसाची मैत्रीण अॅना, तिची आई आणि त्यांची मोलकरीण यांना समुद्रावर गाठून तिघींची अब्रू घ्यायची. पहिल्या आवृत्तीत हा बेत नाही. तो वाचल्यावर लव्हलेसबद्दल उरलासुरला मऊपणा टिकणं कठीण, आणि तो टिकू नये हाच हेतू दिसतो. मजकूर जुना असेलही. पण काढलेल्यातलं नेमकं काय परत आणायचं, हे 1748 च्या वाचकांकडे पाहूनच ठरलं, असं माझं मत आहे.

गळ घालणारी ती बाई मात्र गप्प बसली नाही. तिने आपल्या प्रतीच्या समासात शेरे लिहिले, ती प्रत लेखकाच्या हाती आली आणि त्याने त्या शेऱ्यांना तिथेच उत्तरं लिहिली. एकाच पानाच्या कडेला वाचक आणि लेखक भांडताहेत, अशी ती प्रत आज अमेरिकेतल्या एका विद्यापीठात आहे.

पुढच्या काळातल्या गाजलेल्या प्रकरणांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून धावता उल्लेख पुरे. 1761 च्या ‘जूली’च्या लेखकाला वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडून विचारलं, ही बाई खरोखर होऊन गेली का? प्रेमभंगातून जीव देणाऱ्या तरुणाच्या 1774 च्या ‘वेर्थर’वर जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये बंदी आली, आणि वेर्थरसारखा निळा कोट, पिवळं जाकीट घालण्यावरही. ते वाचून तरुणांनी जीव दिल्याची लाट आली, असं सर्रास सांगितलं जातं. तसे आरोप झाले, पण लाट म्हणावी इतक्या घटनांचा पुरावा नाही. 1782 च्या ‘लिएझों दांजरझ’मध्ये संपादक म्हणतो पत्रं खरी, प्रकाशक म्हणतो ही कादंबरीच, आणि वाचक पात्रांमागची खरी माणसं शोधत बसले. शतक उलटता उलटता हा प्रकार मागे पडला.

‘क्लॅरिसा’चा वाद मात्र आपल्या काळात पुन्हा पेटला. 1979 मध्ये एका अभ्यासकाने लव्हलेसच्या बाजूने झुकणारं वाचन मांडलं. 1982 मध्ये दोन पुस्तकांनी त्याला कडाडून उत्तर दिलं: जिच्यावर अत्याचार झाला तिचं म्हणणं पुन्हा एकदा तिच्या तोंडून काढून घेतलं जातंय. हे उत्तर मला पटतं. फक्त वाचकाला लव्हलेस आवडणं वेगळं आणि अभ्यासकाने त्याची वकिली करणं वेगळं. 1985 मध्ये पहिल्या आवृत्तीचा मजकूर दीड हजार पानांच्या एका स्वस्त खंडात आला, आणि ठिपक्यांवाचूनची ‘क्लॅरिसा’ सामान्य वाचकाच्या हाती पडली. त्याआधी बराच काळ वाढवलेला मजकूरच चालत होता. म्हणून दोन वाचक लव्हलेसवरून भांडत असतील, तर दोघांकडे कुठली आवृत्ती आहे हे आधी विचारावं.

अलीकडची मोठी घडामोड म्हणजे तारखेनुसार वाचन. ‘क्लॅरिसा’ची पत्रं 10 जानेवारीला सुरू होतात आणि डिसेंबरात संपतात, तेव्हा प्रत्येक पत्र त्याच्या तारखेला वाचणारे गट निघाले. 2021 पासून ‘ड्राक्युला’तली (1897) पत्रं आणि रोजनिशा त्या त्या दिवशी ई-मेलने पाठवण्याचा उपक्रमही सुरू झाला आणि तो फोफावला. पुस्तकात ड्राक्युलाच्या वाड्यात गेलेल्या जोनाथनची रोजनिशी सलग चार प्रकरणं चालते आणि त्याची वाग्दत्त वधू मीना व तिची मैत्रीण ल्यूसी यांची पत्रं त्यानंतर येतात. तारखांप्रमाणे लावलं की ल्यूसी एका दिवसात आलेल्या लग्नाच्या तीन मागण्यांबद्दल लिहिते तेव्हा जोनाथन वाड्यात कोंडलेला असतो. 30 जूनला त्याची रोजनिशी थांबते, आणि त्याची खबर देणारं इस्पितळातल्या ननचं पत्र 12 ऑगस्टचं आहे. छापील पुस्तकात हे अंतर काही प्रकरणांचं. इथे वाचकांनी सहा आठवडे काढले. त्या दिवसांत जोनाथनबद्दल जी काळजी व्यक्त झाली, ती शंभरेक वर्षं हे पुस्तक वाचणाऱ्यांना माहीतच नव्हती. तोवर तो अनेकांच्या लेखी एक फिका कारकून होता.