टपरीवरची ओळख

अमेरिकेत 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांना काही चिन्हं दिली आणि कुठलं चिन्ह कुठल्या वस्तूचं ते जुळवायला सांगितलं. कॅमल सिगारेटच्या जाहिरातीतल्या उंटाची जोडी सहा वर्षांच्या दहापैकी नऊ मुलांनी सिगारेटशी बरोबर लावली. मिकी माउसही त्यांना साधारण तितकाच ओळखू आला. 1997 मध्ये कंपनीला तो उंट मागे घ्यावा लागला.

त्या मुलांनी सिगारेट ओढली नव्हती, पण तिच्याशी त्यांची ओळख झाली होती. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट वारंवार नजरेस पडली तरी ती आवडू लागते, त्यासाठी कुणी पटवून द्यावं लागत नाही. म्हणून ‘जाहिरातीने मला काही फरक पडत नाही’ असं एखादा मुलगा अगदी प्रामाणिकपणे सांगतो, आणि तरीही फरक पडलेला असतो. तंबाखू न वापरणाऱ्या किशोरवयीन मुलांचा पुढे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांतही हेच दिसतं: ज्यांना जाहिराती जास्त ठाऊक होत्या, जास्त आवडत होत्या, ती मुलं पुढे सिगारेटकडे जास्त वळली.

दुसरा परिणाम मला अधिक घातक वाटतो. सतत दिसणाऱ्या गोष्टीवरून मुलं अंदाज बांधतात, की ‘हे तर सगळेच करतात’. भारतातल्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 15 वयोगटातले 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत होते, म्हणजे दहातले नऊ वापरत नव्हते. पण न खाणारा मुलगा कुठल्याच फलकावर झळकत नाही.

आता पुण्यात या. 2003 च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आणली, शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत विक्रीलाही मनाई केली. पण पेठांतल्या अभ्यासिकांतून मुलं चहाला खाली उतरतात, तेव्हा टपरीवर गोळ्या-चॉकलेटच्या बरण्यांमागे पाकिटांची रंगीत रांग असते. ती रांग हीच जाहिरात. शिवाय वेलची नि पानमसाल्याच्या नावाखाली तीच नावं, तीच अक्षरं आणि पडद्यावरचे लाडके नट आहेतच!

पाकिटाच्या 85 टक्के भागावर धोक्याचं चित्र असतं खरं. पण पहिली सिगारेट बहुतेक वेळा सुटी घेतली जाते. ते पाकीट मुलाच्या हातात येतच नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली. माझ्या मते तिची काटेकोर अंमलबजावणी शाळेतल्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त मुलांना वाचवेल.