ॲसटीगचे घोडे: कुंपणाच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ॲसटीग नावाचं लांबच लांब, चिंचोळं बेट आहे. लांबी सुमारे ६० किलोमीटर. रुंदी म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी रमतगमत पार करता येईल इतकीच. तिथल्या मोकाट घोड्यांबद्दल दोन गोष्टी कानावर येतात. पहिली म्हणजे, जुलैच्या शेवटच्या बुधवारी ते खाडी पोहून पलीकडे जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या शिंगरांचा लिलाव होतो. दुसरी, या घोड्यांना कुणी पकडत नाही, खायला घालत नाही, फक्त लांबून डार्ट मारून घोड्यांच्या माद्यांना गर्भनिरोधक लस देत आले आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या एकाच घोड्यांच्या नाहीत.

बेटाचा उत्तरेकडचा मोठा भाग मेरीलँड राज्यात येतो आणि दक्षिण टोक व्हर्जिनियात. राज्यांच्या सीमेवर कुंपण घातलेलं आहे. कुंपणाच्या उत्तरेचा कळप राष्ट्रीय उद्यान सेवेच्या, म्हणजे नॅशनल पार्क सर्व्हिसच्या देखरेखीखाली आहे आणि तिच्या लेखी ते वन्यप्राणी आहेत. दक्षिणेच्या कळपाला चक्क मालक आहे: शेजारच्या शिंकोटीग गावचं स्वयंसेवी अग्निशमन दल. दलाची जनावरं केंद्र सरकारच्या अभयारण्यात परवान्यावर चरतात आणि १५० मोठ्या घोड्यांच्या वर संख्या जाऊ द्यायची नाही, अशी त्या परवान्याची अट आहे. या दक्षिणेच्या घोड्यांनाच जगभर ‘शिंकोटीग पोनी’ म्हणतात.

रक्त मात्र दोघांचं एकच. बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून पोहत आलेले घोडे ही कथा गावात मोठ्या हौसेने सांगितली जाते. इतिहासकारांना जास्त पटतं ते असं की सतराव्या शतकात किनाऱ्यावरच्या वसाहतवाल्यांनी कर आणि कुंपणाचा खर्च चुकवण्यासाठी जनावरं बेटावर सोडली. बरं, २०२२ मध्ये हैतीतल्या एका जुन्या स्पॅनिश वसाहतीत सापडलेल्या सोळाव्या शतकातल्या घोड्याच्या दाताचा डीएनए तपासला, तर तो शिंकोटीग पोनींच्या सगळ्यात जवळचा निघाला. त्याने जहाजबुडी सिद्ध होत नाही, पण गाववाल्यांच्या कथेला बळ आलं हे खरं.

दोन्हीकडच्या घोड्यांचं मुख्य खाणं म्हणजे खाजणात उगवणारं कॉर्डग्रास. त्यातलं मीठ पोटात गेलं की पाणी भरपूर लागतं, म्हणून पोट टम्म दिसतं. परक्या माणसाला वाटतं सगळ्या घोड्या गाभण आहेत. हे खाजणातलं गवत चिखल धरून ठेवतं आणि किनाऱ्याकडचं गवत वाळूच्या टेकड्या. १९३३ च्या वादळात समुद्राने हेच बेट उत्तरेकडच्या ओशन सिटी या गावापासून तोडून वेगळं केलं. मार्च १९६२ च्या वादळाने इथे घरं बांधायचे बेत धुऊन नेले आणि १९६५ मध्ये उद्यान झालं. अशा बेटावर घोडे वाढले की प्रश्न नुसता चाऱ्याचा राहत नाही. पायाखालची जमीनच जाऊ लागते. वाळूत अंडी घालणाऱ्या पायपिंग प्लोव्हरसारख्या पक्ष्यांचं नुकसान होतं ते वेगळंच.

म्हणजे संख्या आवरायची हे दोघांनाही मान्य आहे. फरक आहे तो कशी, यात.

दक्षिणेची रीत १९२५ पासूनची. ‘सॉल्टवॉटर काउबॉय’ म्हणवणारे घोडेस्वार कळप गोळा करतात, भरती-ओहोटीच्या मधल्या वेळी, पाणी ना चढत ना उतरत असताना, घोडे खाडीत घालतात आणि काही मिनिटांत ते पलीकडे लागतात. अगदी तान्ही शिंगरं आणि थकलेली जनावरं गाडीतून नेतात. गुरुवारी लिलाव, शुक्रवारी मोठे घोडे पोहत परत. पैसा अग्निशमन दलाला आणि घोड्यांच्या औषधपाण्याला. काही शिंगरांवर बोली लागते ती वेगळ्याच अटीवर: पैसे भरा, नाव ठेवा, पण शिंगरू बेटावरच परत जाणार. यातूनच कळपाची पुढची पिढी राखली जाते. या कळपाला पशुवैद्य नियमितपणे तपासतात, लसी देतात. पिथिऑसिस नावाच्या बुरशीसारख्या रोगाने काही पोनी दगावले, तेव्हा दलाने उपचारात कसर ठेवली नाही. प्राणिप्रेमी संघटनांचा या गर्दीगोंगाटाला आणि पोहण्याला आक्षेप आहे. तो अगदीच गैर म्हणता येणार नाही.

उत्तरेची गोष्ट जास्त गुंतागुंतीची, आणि माझ्या मते जास्त शिकवणारी. १९६८ मध्ये तिकडे तीसही घोडे नव्हते. कुणी पकडेना, विकेना, शिकार करणारं जनावर बेटावर नाही, त्यामुळे २००१ पर्यंत संख्या पावणेदोनशेच्या आसपास गेली. ठरवलेलं प्रमाण होतं ८० ते १००. पण इथे लिलाव करायचा नव्हता. जे कर्कपॅट्रिक आणि जॉन टर्नर या दोन संशोधकांनी १९८८ मध्ये इथल्या घोड्यांवर पीझेडपी नावाची लस पहिल्यांदा मोकळ्या रानात वापरून पाहिली. डुकरिणीच्या बीजांडाभोवतीच्या आवरणातलं प्रथिन घोडीला टोचलं की तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तीच प्रतिपिंडं तिच्या स्वतःच्या बीजांडावर जाऊन बसतात आणि शुक्राणूला चिकटायला जागा उरत नाही. संप्रेरकांना धक्का नाही, त्यामुळे घोडी माजावर येते, कळपातलं वागणं फारसं बदलत नाही. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांची नसबंदी करतात तसा हा प्रकार नव्हे: शस्त्रक्रिया नाही, पकडणं नाही, आणि डोस थांबवला की बहुतेक घोड्या पुन्हा गाभण राहू शकतात.

१९९४ पासून ही लस रीतसर व्यवस्थापनाचा भाग झाली. त्यासाठी प्रत्येक घोडी ओळखता यायला हवी. इथे प्रत्येक घोड्याला अक्षरं-आकड्यांचा सांकेतिक क्रमांक असतो, अंगावरचे पांढरे पट्टे आणि ठिपके नोंदलेले असतात, कुठली घोडी कुणाच्या पोटची हेही माहीत असतं. गाभण आहे का हे पाहायला तिला पकडत नाहीत. लीद गोळा करून तिच्यातली संप्रेरकं तपासतात. लसीचे पहिल्यांदा दोन डोस, मग वर्षाला एक, अशी पद्धत होती. कर्मचारी डार्टची बंदूक घेऊन खाजणात पायी जाई, घोडीच्या मागच्या पुठ्ठ्यावर नेम धरी. डार्ट लागला की ती दोन उड्या मारी आणि पुन्हा चरू लागे.

आता यातली खरी मेख. आपण समजतो की शिंगरं उचलून नेली काय किंवा जन्मूच दिली नाहीत काय, हिशेब एकच. तसं नाही. दूध पिणारं शिंगरू गेलं की घोडीची झीज थांबते, ती लवकर सावरते आणि पुढच्या वर्षी पुन्हा गाभण राहते. कर्कपॅट्रिक आणि टर्नर यांनी दोन्ही कळपांची तुलना केली, तेव्हा दक्षिणेत जन्माचं प्रमाण उत्तरेपेक्षा बरंच जास्त आढळलं. म्हणजे शिंगरं काढून घेणं हेच आणखी शिंगरांना निमंत्रण. शिंकोटीगच्या गावाला त्याचं काही वाईट वाटायचं कारण नाही. लिलाव चालायचा तर दरवर्षी शिंगरं हवीतच.

उत्तरेत उलटंच झालं. वेण्याचा आणि दूध पाजण्याचा ताण गेल्यावर घोड्या धष्टपुष्ट झाल्या आणि जास्त जगू लागल्या. लस न दिलेल्या घोड्या सरासरी सहा-सात वर्षांच्या वयात मरत. तीन वर्षं किंवा अधिक काळ लस मिळालेल्यांचं सरासरी वय विशीला टेकलं. घोड्यांच्या दृष्टीने उत्तम, पण आकडा खाली यायचं नाव घेईना. जन्म कमी झाले तसे मृत्यूही कमी झाले. शंभराच्या आत यायला जवळजवळ दोन दशकं लागली. शिवाय प्रत्येक घोडीचा वंश राहावा म्हणून तिला निदान एक शिंगरू होऊ द्यायचं, हेही सांभाळायचं होतं.

अमेरिकेच्या पश्चिमेकडचे मोकाट घोडे, म्हणजे मस्टँग, पकडावेत की त्यांना लस द्यावी, या वादात या बेटाचं नाव वारंवार घेतलं जातं, म्हणून तेही बघून घेऊ. मस्टँग वेगळे. त्यांना १९७१ चा संरक्षण कायदा लागू आहे, ॲसटीगच्या घोड्यांना नाही. मस्टँगांची मुख्य जबाबदारी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याकडे. १० राज्यांतल्या कोरड्या माळांवर २०२० मध्ये सुमारे ९५ हजार घोडे आणि गाढवं होती. जमिनीला झेपतील असा सरकारी आकडा होता २७ हजारांच्या आत. हे कळप चार-पाच वर्षांत दुप्पट होऊ शकतात. हेलिकॉप्टरने हाकून पकडलेले घोडे सरकारी तळांवर आणि कुरणांवर पोसले जातात. अलीकडच्या वर्षांत त्यांची संख्या ६० हजारांपुढे गेली आणि कार्यक्रमाच्या खर्चातला मोठा वाटा त्यांच्या दाणापाण्यातच जातो. कत्तलीला विकायला संसद पैसा मंजूर करत नाही. दत्तक घेणारे वर्षाला काही हजार. शिंकोटीगला गिऱ्हाईक पुरतं, कारण शिंगरं थोडी आणि हौशी लोक भरपूर. मस्टँगांच्या नेवाडा राज्यात नेमकं उलटं.

‘मग लस द्या’ म्हणणाऱ्यांना ॲसटीगची लीद गोळा करणारी माणसं आठवायला हवीत. तिथला घोडा पर्यटकांना सरावलेला, डार्टच्या टप्प्यात उभा राहणारा. नेवाडातला घोडा माणूस दिसताच क्षितिजाकडे पळतो, आणि त्याला दरवर्षी गाठून बूस्टर द्यायचा आहे. छोट्या, ओळखीच्या काही कळपांत हे जमलंही आहे. हजारो चौरस मैलांवर अवघडच. दुसरीकडे, नुसतं पकडत राहिल्याने उरलेल्यांना चारा मुबलक मिळतो आणि वाढ जोमात राहते, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनेही २०१३ च्या अहवालात म्हटलंय. मला विचाराल तर आधी एकदा मोठी संख्या काढावी लागेल आणि मग लस. नुसती लस म्हणजे ॲसटीगची दोन दशकं, आणि तेवढ्या वेळात पश्चिमेच्या माळांवर गवत उरेल याची खात्री नाही. हे ऐकायला दोन्ही बाजूंना आवडत नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. वॉशिंग्टन-बाल्टिमोरकडून ओशन सिटीमार्गे गेलात तर दिसतील ते उत्तरेचे घोडे, लसीने आवरलेल्या कळपातले, बेवारस. पोहण्याचा सोहळा पाहायचा तर व्हर्जिनियातून शिंकोटीगला जावं लागतं. उत्तरेत ४० फूट अंतर ठेवा आणि डबे गाडीत बंद करा. तिथले घोडे तंबूत शिरून खाणं पळवतात. चिप नावाच्या एका घोड्याला माणसाच्या खाण्याची इतकी चटक लागली की तो अंगावर येऊ लागला आणि २०२२ मध्ये त्याला कायमचं टेक्ससमधल्या एका प्राणी-आश्रयस्थानात हलवावं लागलं. कुणाला पकडायचं नाही, असा नियम असलेल्या बाजूचा हा घोडा, आणि गेला तो संख्या जास्त झाली म्हणून नव्हे.