रायफलचा गुडघा

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माझ्या भाच्याचा गेल्या महिन्यात फोन आला. ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो यंदा हरणाच्या शिकारीला जाणार आहे. परवाना काढून झालाय. तिथे हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही, म्हणून साहेबांना लिव्हर-अ‍ॅक्शन घ्यायची आहे, म्हणजे चापाखालची दांडी खाली-वर करून काडतूस भरायची रायफल. "मामा, तुझं आयुष्य मशिनींत गेलं. चांगली कशी ओळखायची सांग."

मी राहतो दादरला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ते उत्तमच झालं. एनसीसीतली पॉइंट टू-टू सोडली तर मी बंदूक हातात धरलेली नाही. त्यामुळे टाळणारच होतो. पण तो पुढे म्हणाला, "लिव्हरमुळे गोळीला जोर जास्त मिळतो ना?" मग मात्र राहवेना.

लिव्हरचा आणि गोळीच्या जोराचा काडीचाही संबंध नाही. जोर येतो काडतुसातल्या दारूच्या जळण्यातून. चाप ओढला जातो तेव्हा लिव्हर आपलं काम संपवून गप्प बसलेली असते. तिचं काम दोन गोळ्यांच्या मधलं. खाली ओढली की बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी दांडा, मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, घोडा ताणला जातो. वर घेतली की नवं काडतूस नळीच्या मागच्या तोंडात ढकललं जातं आणि बोल्ट बंद होतो. खरी गंमत या 'बंद होतो'मध्ये आहे.

कांदिवलीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मी बावीस वर्षं प्लास्टिकच्या मोल्डिंग मशिनींची देखभाल केली. बादल्या, मग, डबे. साच्यात वितळलेलं प्लास्टिक प्रचंड दाबाने शिरतं, साचा उघडू पाहतो, आणि त्याला घट्ट धरून ठेवतो तो टॉगल. दोन पट्ट्या, मध्ये एक पिन, माणसाच्या गुडघ्यासारख्या. गुडघा वाकलेला असेल तर कोणीही ढकलून पाडेल. ताठ असेल तर अंगावर पोतं घेऊनही माणूस उभा राहतो.

बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० साली पेटंट घेतलेल्या रायफलीत बोल्टच्या मागे हाच गुडघा आहे. विंचेस्टर कंपनीच्या १८६६ आणि १८७३ च्या मॉडेलांतही तोच. आता जरा गणित, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, पण माझा जीव त्यातच आहे.

दोन्ही पट्ट्या सरळ रेषेपासून प्रत्येकी θ अंशाने कललेल्या आहेत असं धरा. गुडघ्यावर F इतक्या बलाने दाबलं तर टोकाशी बल मिळतं F भागिले २ टॅन θ. कोन १० अंश असेल तर २.८ पट, ५ अंशाला ५.७ पट, १ अंशाला जवळजवळ २९ पट. म्हणजे १० किलोचा दाब शेवटच्या अंशात २९० किलोचा होतो! कोन शून्याकडे गेला की हा आकडा अनंताकडे धावतो (घर्षण आणि पोलादाची लवचिकता त्याला पोहोचू देत नाही, ते सोडा). उलट बाजूने पाहिलं तर आणखी मजा. गुडघा पूर्ण सरळ असेल तर बोल्टवर मागे कितीही रेटा आला तरी गुडघा मोडणारा घटक शून्य. सगळा भार पट्ट्यांतून आणि पिनांतून थेट मागच्या लोखंडात जातो.

मग हेच पुढे का चाललं नाही? कारण काडतुसं जास्त जोरदार होत गेली, आणि पुढे धूरविरहित दारू आल्यावर दाब आणखी वाढला. १८९५ मध्ये विंचेस्टरच्या १८९४ मॉडेलसाठी आलेलं थर्टी-थर्टी काडतूस घ्या. त्यात दाब वातावरणाच्या सुमारे २,९०० पटींपर्यंत जाऊ शकतो. काडतुसाच्या बुडाच्या क्षेत्रफळाने गुणलं तर बोल्टवर ढोबळमानाने अडीच टनांचा रेटा येतो. आपल्या जुन्या पद्मिनी टॅक्सी जवळजवळ तीन, एकावर एक. एवढ्या रेट्याखाली गुडघा झिजून एक अंश जरी वाकडा राहिला, तरी त्याला मोडायला सुमारे ८७ किलोचं बल लागू होईल. आणि पिना झिजतात, हे मला कोणी सांगायला नको.

बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंगने विंचेस्टरच्या १८८६ च्या मॉडेलातच गुडघा काढून टाकला होता. बोल्टच्या दोन बाजूंना खालून वर सरकणारे पोलादी ठोकळे बसवले. दाराला कडी लावण्याऐवजी अडसर घातला म्हणा ना. १८९४ च्या मॉडेलात हा अडसर बोल्टच्या पाठीमागे येतो, मार्लिन कंपनीच्या ३३६ मॉडेलात खालून बोल्टच्या खाचेत बसतो. तेव्हा भाच्याला म्हटलं, दुकानात लिव्हर किती झोकात फिरते ते पाहू नकोस. ती बंद कर आणि अडसर पूर्ण वर आलाय का, बोल्ट मागे हलतो का ते पाहा. जुनी घेणार असशील तर गनस्मिथकडून गो-नो-गो गेज, म्हणजे काडतुसाच्या जागी घालायची दोन मापं, लावून घे. गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर होता कामा नये. बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली फट वाढलेली असेल, तर खंडेनवमीला तिच्यावर कितीही झेंडू वाहिलास तरी ती कमी होणार नाही.

'१९६४ पूर्वीची विंचेस्टर' म्हटलं की तिथले लोक डोळे मिटून पैसे मोजतात. त्या साली कंपनीने खर्च वाचवायला घडण बदलली, काही भाग भरीवऐवजी पोकळ आणि पत्र्याचे केले, हे खरं. पण त्याआधीचं झिजलेलं हत्यार नुसत्या जन्मतारखेवर चांगलं ठरत नाही.

नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक आडवी असतात. मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीला टेकलेलं. टोकदार गोळी घातली आणि धक्क्याने तो प्रायमर पेटला तर आतच स्फोट. म्हणून चपट्या नाकाच्या गोळ्या, किंवा अलीकडच्या मऊ प्लास्टिक टोकाच्या. चपटं नाक हवेत लवकर मंदावतं, त्यामुळे दोनशे मीटरच्या पलीकडे ही रायफल फार कामाची नाही. झाडीत ठीक. लांबचं हवं असेल तर पेटी-मॅगझिनची ब्राउनिंग कंपनीची बीएलआर रायफल पाहा, तिचा बोल्ट दातेरी चाकांवर चालतो.

"पण हरीण उडून पडतं ना?" सिनेमे! ११ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ६७० मीटर, आणि ६० किलोचं हरीण. संवेग अक्षय्यतेचा नियम नववीत शिकला होतास. हरणाला मिळणारा वेग सेकंदाला १२ सेंटिमीटर. उडून पडायचंच असेल तर आधी खांद्याला दस्ता लावलेला तू पडशील. प्राणी मरतो तो गोळी योग्य जागी लागून, म्हणून आधी सराव कर, आणि नेम पक्का नसेल तर चाप ओढू नकोस.

एवढं सगळं अर्धा तास ऐकून घेऊन भाचा म्हणाला, "बरं मामा, दस्ता अक्रोडाचा घेऊ की बर्चचा? फोटोत अक्रोड छान दिसतं."